सांगलीत उभा केलेला पेनचा कोपरा: गाजलेली छायाचित्रे नव्याने टिपण्याविषयी

कृष्णाकाठचा फोटोवाला (सांगली)

सर्वांस नमस्कार.

आम्ही सांगली-मिरज परिसरातील बारा छायाचित्रकार, म्हणजे लग्नसराईवर पोट असणारे सात आणि निव्वळ हौशी पाच, फेब्रुवारीत एक लहानसे प्रदर्शन भरवणार आहोत. ज्या छायाचित्रकाराने आपल्याला पाहायला शिकवले, त्याचे एक गाजलेले छायाचित्र निवडायचे आणि ते आपल्या गावात, आपल्याच माणसांना घेऊन नव्याने टिपायचे, एवढी एकच अट आम्ही घातली आहे. कल्पना आमची नाही. अमेरिकन छायाचित्रकार सँड्रो मिलर यांनी अभिनेते जॉन माल्कोविच यांना घेऊन अशी एक संपूर्ण मालिका केली आणि ती २०१४ साली लोकांसमोर आली. त्यात माल्कोविच डोरोथिया लँग यांच्या गाजलेल्या छायाचित्रातील स्थलांतरित आई होतात, जीभ बाहेर काढलेले आइन्स्टाइन होतात आणि डायान आर्बस यांच्या त्या दोन जुळ्या मुलीही तेच एकटे होतात. कर्करोगाच्या आजारपणात मिलर यांच्या मनात आपल्या गुरूंचे आभार मानण्याचा विचार आला आणि त्यातून हे काम उभे राहिले.

मी अमेरिकन छायाचित्रकार अर्व्हिंग पेन निवडले. १९४८ साली न्यूयॉर्कमध्ये पेन यांनी दोन उंच फ्लॅट, म्हणजे नाटकाच्या नेपथ्यात वापरतात तशा सुट्या भिंती, एकमेकांना भिडवून एक अरुंद कोपरा केला आणि त्यात एकेका नामवंताला उभे केले. लेखक ट्रुमन कपोटी, मुष्टियोद्धा जो लुई, चित्रकर्ती जॉर्जिया ओकीफ, कलावंत मार्सेल द्युशां असे अनेक जण त्या सांदीत येऊन गेले. कोपरा एकच, पण त्या अडचणीच्या जागेशी जुळवून घेण्याची प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पंचवीस वर्षे पासपोर्ट फोटो काढलेल्या माणसाला ही मालिका का आवडावी, हे सांगण्याची गरज नसावी. आमच्याकडेही माणूस पाठीमागे भिंत घेऊनच बसतो. मात्र ‘हनुवटी खाली, खांदे सरळ’ असे म्हणून आम्ही त्याला त्याची तऱ्हा दाखवूच देत नाही.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली येथे ‘सीता स्वयंवर’ उभे केले, त्याचा मला झालेला प्रत्यक्ष लाभ एवढाच, की या गावात फ्लॅट उसने मिळतात. एका हौशी नाट्यसंस्थेने प्लायवूडचे आठ फुटी दोन फ्लॅट दिले. पुढच्या बाजूला पाटलाच्या वाड्याची खिडकी रंगवलेली होती, म्हणून ते उलटे लावले आणि वर राखाडी डिस्टेंपरचे दोन हात दिले. पहिल्या दिवशी मी कोपरा काटकोनात लावला आणि छायाचित्र अगदी घरातल्या कोपऱ्यासारखे, बेचव आले. पेन यांचा कोपरा काटकोनाहून बराच लहान आहे, ही गोष्ट मी वर्षानुवर्षे ते छायाचित्र पाहूनही माझ्या लक्षात आली नव्हती. फ्लॅट आत ओढत गेलो, तसतसा प्रकाश आत जाईनासा झाला आणि सांध्यावर एक जाड काळी रेघ उमटली. पन्नासची लेन्स लावली तर भिंती फाकायच्या आणि पंचाऐंशीची लावली तर मागे सरकायला जागा नाही, कारण माझा स्टुडिओ चौदा फूट खोल आहे. शेवटी ट्रायपॉड उंबऱ्याबाहेर रस्त्यावर मांडला. शेजारच्या चहावाल्याने एक बाक आडवा टाकून दुचाकी अडवून धरल्या, तेव्हा कोठे काम झाले.

समोर होते मिरजेचे एक वृद्ध सतारमेकर. आत शिरल्यावर ते उभे राहिलेच नाहीत. त्यांनी आधी डाव्या फ्लॅटवर बोटाच्या पेराने टकटक केली, मग उजव्यावर, कान जवळ नेला आणि म्हणाले, “हा बोलत नाही.” सतारीसाठी भोपळा विकत घेताना ते जे करतात तेच त्यांनी प्लायवूडला केले. माझे बोट शटरवर होते, म्हणून ते छायाचित्र मला मिळाले. त्यानंतर त्यांना कपोटींच्या पद्धतीने सांदीत रुतवून काढलेली अकरा छायाचित्रे मूळ चित्राशी जास्त जुळतात, पण ती सारी मला निर्जीव वाटतात.

माझा प्रश्न असा आहे. प्रदर्शनात कोणते लावावे, जुळणारे की न जुळणारे? आणि खाली पेन यांचे नाव कोणत्या शब्दांत लिहावे?

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

फोटोवाले दादा, धागा वाचून माझाच गेल्या पावसाळ्यातील अनुभव आठवला, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचे पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकामागचे १९३२ सालचे छायाचित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. साचलेल्या पाण्यावरून एक माणूस उडी मारतो आहे, त्याची टाच पाण्याला लागायला केसभर अंतर उरले आहे आणि त्याचे प्रतिबिंब खाली उलटे उडी मारते आहे. गोडोलीच्या बाजूला एका रखडलेल्या बांधकामाच्या आवारात असेच पाणी साचले होते. मी माझ्या भाच्याला घेऊन तीन दिवस तेथे गेले आणि त्याने एकूण एक्केचाळीस उड्या मारल्या. त्याची आई अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

पहिली गोष्ट कळली ती पाण्याची. एक उडी झाली की पाणी ढवळते आणि पुन्हा आरसा होण्यासाठी पाच-सहा मिनिटे थांबावे लागते. म्हणजे मूळ छायाचित्रातील ते निवांत पाणी हेच त्या क्षणाचे खरे घड्याळ आहे, कारण ते सांगते की अजून काहीही घडलेले नाही. पुस्तकांतून ‘निर्णायक क्षण’ हा शब्द मी शंभरदा वाचला असेल, पण त्याचा अर्थ भाच्याच्या चपला वाळण्याची वाट पाहताना समजला. दुसरी गोष्ट शटरची. मी हौसेने १/१००० सेकंदावर काढले आणि मुलगा हवेत टांगून ठेवलेल्या कपड्यासारखा दिसू लागला. मूळ चित्रातील माणूस किंचित हललेला आहे. १/६० वर आल्यावर त्याच्या उडीत जीव आला.

तिसऱ्या गोष्टीने मात्र माझा हिरमोड झाला. मूळ चित्रात मागच्या भिंतीवरील जाहिरातीत एक नर्तकी तशीच झेप घेताना दिसते आणि पुढच्या माणसाची उडी तिच्याशी आपोआप जुळते. तशी जोडी हवी म्हणून मी कुस्ती मैदानाचे एक जुने पोस्टर आणून भिंतीला चिकटवले. छायाचित्र छान आले, पण पोस्टर लावणारा हात माझाच होता, हे मी विसरू शकत नाही. कार्तिए-ब्रेसाँ यांनी फळ्यांच्या फटीतून लेन्स घालून ते टिपले आणि नंतर, एरवी स्वतःच्या नियमात न बसणारी गोष्ट करून, ते कातरलेही. अपघाताने हाती आलेली वस्तू ठरवून पुन्हा करता येते काय?

खटाव तालुका

ताई, करता येते, परंतु मग ती ठरवून केली आहे हे लपवू नये. कॅनडाचे छायाचित्रकार जेफ वॉल यांनी जपानी चित्रकार होकुसाई यांच्या एका काष्ठमुद्राचित्रावरून, ज्यात वाऱ्याच्या झोताने प्रवाशांचे कागद उडून जातात, १९९३ साली भलेमोठे छायाचित्र केले. त्यासाठी त्यांनी पात्रे उभी करून वर्षभरात शंभराहून अधिक छायाचित्रे घेतली आणि संगणकावर ती एकत्र जोडली. अपघात दिसतो, पण प्रत्येक कागद हाताने जागेवर ठेवलेला आहे आणि शीर्षकातच ‘होकुसाईनंतर’ असे म्हटले आहे. तुमचे कुस्तीचे पोस्टर त्याच जातीचे आहे, त्याबद्दल खंत बाळगण्याचे कारण नाही.

एक व्यावसायिक (इस्लामपूर)

मला या साऱ्या उपक्रमाविषयीच शंका आहे आणि ती मी स्पष्ट मांडतो. दहा वर्षांपूर्वी एका छायाचित्र स्पर्धेत मी छायाचित्रकार स्टीव्ह मॅककरींच्या गाजलेल्या अफगाण मुलीच्या छायाचित्राच्या धर्तीवर एका धनगर मुलीचे छायाचित्र पाठवले होते. तसाच लालसर दुपट्टा, तशीच रोखलेली नजर, तशीच हिरवट पार्श्वभूमी. परीक्षकांनी ‘नक्कल’ असा शेरा मारून ते बाद केले. तेव्हा मला अतोनात राग आला होता, पण आज वाटते की त्यांचे बरोबर होते. ती मुलगी मला कधी दिसलीच नव्हती. मला १९८४ सालचा निर्वासितांचा तंबू दिसत होता आणि त्यात बसेल असा चेहरा मी शोधत हिंडत होतो. गुरूला मानवंदना द्यायची तर त्याच्यासारखे कष्ट करावेत, त्याचे चित्र पुन्हा काढून काय साधते? बारा जण बारा जुनी चित्रे लावणार आणि पाहणारा ‘हे ओळखले, तेही ओळखले’ असे म्हणत पुढे जाणार. हा शब्दकोड्याचा खेळ झाला.

तंबोऱ्याची जवारी (मिरज)

व्यावसायिक साहेब, आपल्या शंकेत तथ्य आहे, तरी मी मिरजेचा असल्यामुळे मला दुसरी बाजू मांडणे भाग आहे.

खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि १९३७ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांना येथेच दर्ग्याच्या परिसरात चिरविश्रांती मिळाली. किराणा घराण्याचा जो स्वर पुढे महाराष्ट्र-कर्नाटकात पसरला, तो शिष्यांनी गुरूचा गळा आधी जसाच्या तसा आपल्या गळ्यावर चढवला म्हणूनच पसरला. तालमीत नक्कल ही शिवी नाही, पहिली इयत्ता आहे. फरक एवढाच, की तालीम बंद दाराआड होते आणि मैफल लोकांपुढे. आपण स्पर्धेत तालीम सादर केली, म्हणून परीक्षकांनी ती नाकारली. फोटोवाल्यांनी मात्र ‘ही आमची तालीम’ असे म्हणून दार उघडले आहे.

चित्रकारांनाही हे नवे नाही. सातारा जिल्ह्यात औंधच्या टेकडीवर भवानराव पंतप्रतिनिधींनी उभारलेले संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना रवि वर्म्यांची मूळ चित्रे तेथे जवळून पाहता आली असतील. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने जुन्या चित्रांच्या अभ्यासाचा नाद आयुष्यभर जोपासला. आणि रवि वर्म्यांचा विषय निघालाच आहे, तर बंगळुरूच्या पुष्पमाला एन. यांचा उल्लेख करायलाच हवा. क्लेअर आर्नी यांच्यासोबत २००० ते २००४ या काळात केलेल्या मालिकेत त्या स्वतःच रवि वर्म्यांची चांदण्यातील स्त्री झाल्या, लक्ष्मी झाल्या आणि त्याच मालिकेत, मोजपट्टीच्या चौकटीपुढे उभी केलेली, वसाहतकाळातील मानववंशशास्त्रीय छायाचित्रातील स्त्रीही झाल्या. कमळावरची लक्ष्मी आणि मोजमापासाठी उभी केलेली बाई एकाच देहात पाहिल्यावर दोन्ही चित्रांकडे पाहण्याची आपली नजर बदलते. त्यांनी पडद्याच्या कडा, रंगवलेले आकाश, दागिन्यांचा खोटेपणा काहीही झाकलेले नाही. त्यांच्याकडे आदर आहे आणि टोचणीही आहे. ओळखण्याचा आनंद होतो हे खरे, पण तो पहिल्या पायरीवरच संपतो.

वाईचा चित्रकला शिक्षक

थोडे अवांतर, पण याच विषयातले. स्वित्झर्लंडचे कॉर्टिस आणि झोंडरएगर हे दोघे गाजलेली छायाचित्रे पुठ्ठा, कापूस, वाळू वापरून टेबलावर लहान आकारात उभी करतात आणि मग कॅमेरा थोडा मागे घेऊन छायाचित्र टिपतात, म्हणजे चित्राच्या कडेला डिंकाची बाटली, दिव्यांचे स्टँड, वायरी सगळे दिसते. गणपतीची आरास करणाऱ्या आपल्या पोरांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या नववीच्या मुलांनी न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतीच्या तुळईवर बसून जेवणारे ते ११ कामगार शाडूचे केले. १९३२ सालचे ते छायाचित्र इमारतीच्या प्रसिद्धीसाठी जुळवून आणलेले होते हे सांगितल्यावर एका मुलाने विचारले, “सर, मग आपण खोट्याचे खोटे करतोय का?” मला उत्तर सुचले नाही. डबे मात्र पोरांनी पितळी कडीचे केले आहेत.

माणदेशी वकील (विटा)

कोणी विचारलेले नाही, तरी कायद्याची बाजू नोंदवून ठेवतो, कारण प्रदर्शनात छायाचित्रे विकायची असतील तर ती पुढे आड येते.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार छायाचित्राला प्रकाशनानंतर ६० वर्षांचे संरक्षण होते. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रे इतर कलाकृतींच्या पंक्तीत बसली आणि संरक्षण छायाचित्रकाराच्या हयातीनंतर ६० वर्षे असे झाले. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, ती मांडण्याच्या पद्धतीवर असतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद खटल्यात स्पष्ट केले आहे. अरुंद कोपऱ्यात माणूस उभा करणे ही कल्पना झाली. पेन यांच्या एखाद्या विशिष्ट छायाचित्रातील उभे राहण्याची ढब, प्रकाश, कातरण, कपडे सर्व जसेच्या तसे उचलणे ही मांडणी झाली. ही रेघ कोठे ओढायची, यावरच वाद होतात.

इंग्लंडमध्ये २०१२ साली एक मजेदार निकाल लागला. लंडनच्या पुलावरून जाणारी लाल बस आणि मागे करड्या रंगातील संसद भवन असे एका भेटवस्तू कंपनीचे छायाचित्र होते. चहाच्या डब्यांसाठी दुसऱ्या कंपनीने स्वतः वेगळी छायाचित्रे काढून तसेच दृश्य तयार केले. बस वेगळी, कोन वेगळा, कॅमेरा वेगळा, तरीही लाल-करड्याची ती जुळणी आणि मांडणी उचलली म्हणून न्यायालयाने उल्लंघन मानले. त्या निकालावर पुष्कळ टीका झाली आणि आपल्या न्यायालयांवर तो बंधनकारकही नाही. पण ‘मी स्वतः कॅमेरा दाबला, मग प्रश्नच काय’ या समजुतीत राहू नये.

फोटोवाल्यांच्या टकटक करणाऱ्या सतारमेकरांना मला तरी कोणतीच अडचण दिसत नाही. त्या अकरा छायाचित्रांची मात्र विक्री करू नये, असा माझा विनाशुल्क सल्ला आहे.

कोयता आणि कॅमेरा (वाळवा तालुका)

मी त्या बारांपैकी एक आहे. माझी निवड लँग यांची स्थलांतरित आई. सध्या आमच्या भागात गळीत हंगाम जोरात आहे. कारखान्याच्या रस्त्याला बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडल्या आहेत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तेथे माणसांची मोजणी होते. पहाटे चारला फडात जायचे, दिवसभर तोडणी, मोळ्या बांधायच्या, ट्रॅक्टर भरायचा आणि परत येताना जनावरांसाठी किंवा विकायला वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, डोक्यावर. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटेपर्यंत सुटका नाही. १९३६ साली कॅलिफोर्नियात वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर लँग यांना जे दिसले, ते माझ्या घरापासून दोन किलोमीटरवर आहे. कोपीच्या दारात बसलेली आई, खांद्यावर तोंड लपवलेली दोन मुले, गालाला लागलेला हात, असे छायाचित्र मी काढू इच्छितो. हे विटंबनेत जमा होईल, असे आमच्यातील दोघांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, कारण माझा हेतू दुःख विकण्याचा नाही.

अजिंक्यताऱ्याखाली (सातारा)

दादा, आपल्या हेतूवर मी शंका घेत नाही. मात्र त्या छायाचित्रातील बाईंचे पुढे काय झाले, ते पाहावे असे सुचवते.

त्यांचे नाव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. छायाचित्र वृत्तपत्रात छापून आल्यावर सरकारने त्या तळावर सुमारे २०,००० पौंड अन्नधान्य पाठवले, पण तोवर थॉम्पसन यांचे कुटुंब तेथून पुढे निघून गेले होते. लँग यांनी त्यांचे नाव विचारले नव्हते. चाळीसहून अधिक वर्षे जगाने तो चेहरा वृत्तपत्रांपासून पुस्तकांपर्यंत सर्वत्र पाहिला, आणि १९७८ साली एका वार्ताहराने शोधून काढल्यावर त्या बाईंनी सांगितले की हे छायाचित्र काढले नसते तर बरे झाले असते, त्यातून आपल्याला एक पैसाही मिळाला नाही. लँग सरकारी नोकरीत असल्याने त्यांनाही त्या छायाचित्राचे मानधन मिळाले नव्हते, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवे. आणि त्या छायाचित्राने तळावरच्या इतरांच्या तोंडी घास गेला, हेही खरे.

माल्कोविच जेव्हा त्या आईच्या जागी बसतात, तेव्हा एक धनवान नट अभिनय करतो आहे हे सर्वांना माहीत असते आणि म्हणून तेथे कोणी फसवले जात नाही. आपण ज्या बाईला गालाला हात लावून बसायला सांगाल, ती खरोखर थकलेली असेल आणि तिला तिच्याच थकव्याचा अभिनय करावा लागेल. माझी अडचण नेमकी येथे आहे.

चिनी कलावंत आय वेवे यांनी २०१६ साली समुद्रकिनाऱ्यावर पालथे पडून, बुडून मेलेल्या त्या सीरियन बालकाच्या छायाचित्राची पुनर्निर्मिती केली होती. ते छायाचित्र आपल्याच देशातील एका नियतकालिकासाठी रोहित चावला यांनी टिपले. हेतू निर्वासितांच्या बाजूचाच होता, तरीही अनेकांना ते पाहवले नाही. मीही त्यांतलीच.

खटाव तालुका

येथे ताईंशी माझा थोडा मतभेद आहे. दुःखाचे चित्र पुन्हा काढायचेच नाही, असा नियम केला तर मानवंदना फक्त सिनेनटांच्या आणि पुलावरच्या बसच्या वाट्याला येईल. लँग यांच्या त्या भेटीतील इतर छायाचित्रे उपलब्ध आहेत. त्यांत त्या आधी दुरून सबंध तंबू घेतात, मग जवळ येतात, मग आणखी जवळ, आणि तंबू, ट्रंक, मोठी मुलगी एकेक करून चौकटीबाहेर जात शेवटी तो चेहरा उरतो. शिकण्यासारखे ते चालत जाणे आहे. गालाला लागलेला हात कोणीही लावून घेईल.

चरखा (कराड)

याला जोडून आपल्या जवळचेच एक उदाहरण देतो. गांधीजी आणि चरखा हे मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे छायाचित्र १९४६ साली पुण्यात, निसर्गोपचार केंद्रात टिपलेले आहे. गांधीजींच्या सचिवांनी त्यांना आधी सूत कातायला शिकण्यास सांगितले आणि त्या शिकल्याही. नंतर फक्त तीन फ्लॅशबल्ब वापरण्याची परवानगी मिळाली. पहिले दोन प्रयत्न वाया गेले आणि तिसऱ्याने ते छायाचित्र दिले. मी दोन वर्षांपूर्वी एका वृद्ध खादी कार्यकर्त्यांना घेऊन हे करण्याचा प्रयत्न केला होता, तेव्हा मीही स्वतःला तीनच छायाचित्रांची मुभा दिली. त्याआधी पंधरा दिवस पेळू, म्हणजे कातायच्या कापसाची वळी, घेऊन बसलो. सूत तुटतच राहिले, पण कातणाऱ्याची नजर तुटण्याच्या आधीच्या क्षणी कोठे जाते ते कळले आणि कॅमेरा कोठे ठेवायचा हा प्रश्न उरला नाही. वाळव्याच्या दादांनी एक दिवस मोळ्या बांधून पाहाव्यात, अशी नम्र सूचना. टोमणा समजू नये.

कोयता आणि कॅमेरा (वाळवा तालुका)

टोमणा समजलो नाही. परवा गेलो होतो. मोळी बांधायला वाढ्याचाच आळा, म्हणजे बंध, करतात, तो पिळताना माझ्या हाताला इतक्या चिरा पडल्या की दुपारनंतर मला कॅमेरा नीट धरता येईना. फडातील बायका मनसोक्त हसल्या.

संध्याकाळी ज्यांच्या कोपीपाशी बसलो, त्या ताईंना मोबाईलवर लँग यांचे छायाचित्र दाखवले आणि काय करायचे मनात आहे ते सांगितले. त्यांनी बराच वेळ पाहिले. मग विचारले, “हिची पोरं तोंड लपवून का बसलीत?” मी म्हणालो, बहुधा लँग यांनीच त्यांना तसे वळायला सांगितले असावे. त्या म्हणाल्या, “माझी नाही लपवायची.” पुढे त्यांनी मुलीची वेणी घातली, मुलाचे तोंड धुतले, ट्रॅक्टरच्या चाकापुढे तिघे उभे राहिले आणि मला सांगितले, आता काढा, आणि गावाकडे आईला पाठवायची म्हणून मोबाईलवर पण द्या. मी आठ छायाचित्रे काढली, सगळी त्यांना तेथेच पाठवली. त्यांतील एक निवडले आहे. त्यात कोणीही गालाला हात लावलेला नाही.

एक व्यावसायिक (इस्लामपूर)

मग ते लँग यांचे पुनर्निर्माण कसे झाले? बारा जणांना अट एकच होती. छायाचित्र चांगले असेल, मी नाकारत नाही, पण मग माझ्या धनगर मुलीला बाद करणाऱ्या परीक्षकांसारखेच नियम येथेही लावा. नाहीतर ‘प्रेरणा’ या नावाखाली काहीही खपेल.

तंबोऱ्याची जवारी (मिरज)

साहेब, आपल्या धनगर मुलीचे ते छायाचित्र अजून आपल्याकडे असेल तर प्रदर्शनात आणावे, असे मला वाटते. त्याखाली परीक्षकांचा शेराही लावा.

कृष्णाकाठचा फोटोवाला (सांगली)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही बारापैकी नऊ जण बसलो आणि काही गोष्टी ठरल्या, काही ठरल्या नाहीत.

प्रत्येक छायाचित्राखाली मूळ छायाचित्रकाराचे नाव, वर्ष आणि ‘यांच्या छायाचित्रावरून’ असे शब्द येतील. ‘प्रेरित’ हा शब्द वापरायचा नाही, त्यात काय घेतले आणि काय सोडले ते कळत नाही. मूळ छायाचित्रांच्या प्रती शेजारी लावायच्या नाहीत. वकीलसाहेबांचा सल्ला मानून विक्री कशाचीच नाही. वाळव्याच्या छायाचित्राबद्दल दोन तास वाद झाला आणि मते पाच विरुद्ध चार पडली. ते लागेल, पण बारांच्या ओळीत नाही, दारासमोरच्या एकट्या भिंतीवर, आणि खाली त्या ताईंनी विचारलेला प्रश्न लिहिला जाईल. व्यावसायिक साहेबांनी धनगर मुलीचे छायाचित्र द्यायचे कबूल केले आहे. शेरा लावायचा की नाही, ते अजून सांगितलेले नाही.

माझ्याकडून टकटक करणारे छायाचित्र जाईल. त्याची प्रत घेऊन मी मिरजेला गेलो होतो. सतारमेकरांनी चष्मा लावून पाहिले, आधी फ्लॅटच्या सांध्यावर बोट ठेवले आणि म्हणाले, हा जोड नीट बसलेला नाही, मध्ये फट दिसते. खरोखरच दिसते. इतके दिवस मला ती सावली वाटत होती.

फ्लॅट नाट्यसंस्थेला पुढच्या मंगळवारी परत करायचे आहेत. तोवर कोणाला त्या कोपऱ्यात उभे राहायचे असेल किंवा कोणाला उभे करायचे असेल, तर त्यांनी सायंकाळी पाचनंतर यावे, म्हणजे चहावाल्याचा बाक मोकळा मिळतो.